टाइट स्पोर्ट्सवेअर घालून चार लोकांत वावरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकरा वर्षं पळतेय आणि नवरा सायकल चालवतो, त्यामुळे आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांत निम्मे तरी अंगासरशी बसणारेच असतात. पळायला नव्याने येणाऱ्या बायका, त्यांचे नवरे, कधी कधी त्यांच्या आया, सगळे मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात आणि बहुतेक वेळा आवाज खाली करून विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. माझी मतं यात आहेतच, ती मी लपवलेली नाहीत.

हे कपडे एवढे टाइट असायची गरजच काय? सैल टीशर्ट आणि ट्रॅकपँट चालत नाही का?

चालते की. चालायला जाताना, हलका व्यायाम करताना अगदी आरामात चालते. प्रश्न येतो तो जास्त वेळ पळायला लागलं की. सुती कापड घाम पिऊन जड होतं आणि मग मांड्यांच्या आतल्या बाजूला शिवण घासत राहते, पळताना ते कळतही नाही, कळतं ते घरी येऊन आंघोळीचं पहिलं पाणी अंगावर पडतं तेव्हा. ज्याने ती आग एकदा अनुभवलीय तो नंतर कोण काय म्हणतं याचा फारसा विचार करत नाही. सायकलवाल्यांचं तर याहून कठीण, तासन् तास सीटवर बसायचं म्हणून त्यांच्या शॉर्ट्समध्ये आतून पॅड शिवलेलं असतं (पूर्वी ते मऊ चामड्याचं असायचं) आणि त्या शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचंच नसतं कारण त्याचीही शिवण टोचते. योगाच्या क्लासमध्ये कारण वेगळं, गुडघा किती वळलाय, कंबर सरळ आहे का हे शिकवणाऱ्याला दिसावं लागतं, ढगळ पायजम्यात ते दिसत नाही.

हे ताणलं जाणारं कापड आलं कुठून?

1958 साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीतले केमिस्ट जोसेफ शिव्हर्स यांनी हा धागा तयार केला. स्वतःच्या लांबीच्या पाचपट वगैरे ताणला तरी तो परत जागेवर येतो. अमेरिकेत त्याला स्पॅन्डेक्स म्हणतात, 'एक्सपांड्स' या इंग्रजी शब्दाचीच अक्षरं उलटसुलट करून ते नाव केलंय, युरोपात इलॅस्टेन म्हणतात, आणि आपण सगळे सरसकट लायक्रा म्हणतो तो खरं तर एक ब्रँड आहे. कपड्यात तो एकटा कधीच नसतो, नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये थोडासा मिसळलेला असतो.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की हा धागा शोधला गेला तो बायकांच्या आतल्या कपड्यांसाठी, पोट-कंबर आवळून धरणाऱ्या कपड्यांत तेव्हा रबर वापरायचे त्याच्या जागी. म्हणजे जन्मच आत राहण्यासाठी झालेला. मग तो पोहण्याच्या, नाचाच्या, सायकलिंगच्या कपड्यांत आला, 1982 मध्ये अमेरिकन अभिनेत्री जेन फोंडाची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट आली आणि एरोबिक्सच्या लाटेबरोबर घराघरातल्या टीव्हीसमोर आला, आणि तिथून पुढे रस्त्यावर. लोकांना आजही जे अवघडल्यासारखं होतं त्याचं एक मूळ इथे आहे असं मला वाटतं: आतल्या कपड्यासारखं दिसणारं काहीतरी बाहेर आलंय असं डोळ्यांना वाटतं.

पण अंग तर घोट्यापर्यंत झाकलेलं असतं, मग लोकांना खटकतं तरी काय?

हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर थोडं लांब आहे.

पहिली गोष्ट, 'झाकलेलं' या शब्दाचे दोन अर्थ आपण एकत्र करतो. त्वचा झाकणं वेगळं आणि आकार झाकणं वेगळं. गुडघ्यापर्यंतचा ढगळ स्कर्ट त्वचा दाखवतो पण आकार लपवतो, टाइट्सचं बरोबर उलटं. ज्यांच्या मनात सभ्यता म्हणजे आकार न दिसणं असं बसलेलं आहे त्यांना "अहो पूर्ण पाय झाकलेत की" हे सांगून काहीच उपयोग होत नाही, त्यांना ते उत्तरच वाटत नाही. समोरचा कशाबद्दल बोलतोय ते आधी ओळखा, नाहीतर दोघंही आपापलं खरंच बोलत असतात आणि भांडण मात्र मिटत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. एकदा पळून परत येताना मला बँकेत एक फॉर्म द्यायचा होता, घरी जाऊन परत यायला वेळ नव्हता म्हणून तशीच आत गेले. त्याच काळ्या टाइट्स, तोच टीशर्ट, मैदानावर दीड तास शेकडो लोकांत होते तर कोणाचं लक्ष नव्हतं, आणि काचेचं दार ढकलून आत पाऊल टाकलं तर रांगेतल्या सहा-सात जणांच्या नजरा आधी माझ्या पायांवर आणि मग घाईघाईने भिंतीवरच्या घड्याळावर. मी जॅकेट काढून कमरेला बांधलं. बांधताना मलाच कळलं की कोणी काही बोललेलं नाही, कोणी वाईट वागलेलं नाही, आणि तरी माझे हात आपोआप जॅकेटकडे गेले. काउंटरवरच्या बाई मात्र फॉर्म तपासता तपासता म्हणाल्या, "रोज पळता का? किती वाजता?" आणि माझा जीव भांड्यात पडला. मधल्या दोनशे पावलांत कपडा काही बदलला नव्हता, त्याच्या भोवतालचं कारण तेवढं मागे राहिलं होतं. स्विमिंग पूल, स्टेज, ट्रॅक या जागा स्वतःच सांगतात की हे कपडे का घातलेत. बँक, दवाखाना, किराणा दुकान हे सांगत नाही, मग बघणारा स्वतःच्या मनाने कारण शोधतो आणि तिथेच घोळ होतो.

तिसरी गोष्ट फार कमी बोलली जाते. बऱ्याच लोकांना, विशेषतः वयस्कर लोकांना, राग आलेला नसतो, नजर कुठे ठेवावी हे कळत नसतं. समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना आपण चुकीच्या ठिकाणी बघितलं असं त्याला वाटेल का ही भीती असते आणि ती भीती मग चिडचिडीसारखी बाहेर पडते. मी हे माझ्या वडिलांमध्ये बघितलंय. ते जुनाट विचारांचे नव्हते, गोंधळलेले होते, आणि आठ-दहा वेळा मला तशी बघितल्यावर तो गोंधळ गेला. सवयीने जे जातं त्याला संस्कृतीचा प्रश्न म्हणू नये असं माझं मत आहे.

पूर्वी असं काही नव्हतं, हे सगळं आत्ताचंच फॅड आहे ना?

कपडा नवा, वाद जुना. 1851 च्या आसपास अमेरिकेत अमेलिया ब्लूमर यांनी आपल्या वर्तमानपत्रातून बायकांसाठी आखूड स्कर्टखाली घालायच्या ढगळ पँटचा पुरस्कार केला, त्यांच्या नावावरूनच त्याला ब्लूमर्स म्हणायला लागले. त्या पँट चांगल्या घेरदार होत्या, घोट्याशी आवळलेल्या, आकाराबिकाराचा काही संबंधच नाही आणि तरी भर रस्त्यात टिंगल झाली, कारण बाईला दोन वेगळे पाय आहेत हे त्यात दिसत होतं. एवढंच. 1890 च्या दशकात सायकली आल्या आणि बायका परत ते कपडे घालायला लागल्या तेव्हा परत तेच टोमणे.

टेनिसमध्ये तर हा वाद दर काही वर्षांनी येतो. 1985 मध्ये विम्बल्डनला अ‍ॅन व्हाइट ही खेळाडू अंगाला घट्ट बसणारा पांढराशुभ्र बॉडीसूट घालून खेळली, अंधारामुळे मॅच थांबली आणि तिला सांगण्यात आलं की उद्या दुसरं काहीतरी घालून ये. 2018 मध्ये सेरेना विल्यम्स फ्रेंच ओपनमध्ये काळा कॅटसूट (अंगभर एकच घट्ट कपडा) घालून उतरली. बाळंतपणानंतर तिला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला होता आणि त्या कपड्याने रक्ताभिसरणाला मदत होते असं तिने सांगितलं होतं. तरी नंतर फ्रेंच फेडरेशनचे अध्यक्ष म्हणाले की असे कपडे यापुढे चालणार नाहीत, खेळाचा आणि जागेचा मान राखला पाहिजे. त्याच वर्षाच्या शेवटी महिला टेनिसच्या संघटनेने नियम स्पष्ट केला की लेगिंग्ज आणि अर्ध्या मांडीपर्यंतच्या कम्प्रेशन शॉर्ट्स स्कर्टशिवाय घालायला हरकत नाही.

आणि आता याची दुसरी बाजू बघा. 2021 मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल टीमने बिकिनी बॉटमऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून त्यांना 1500 युरो दंड झाला. जास्त झाकलं म्हणून दंड! जगभरातून ओरड झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलला. त्याच उन्हाळ्यात टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुली घोट्यापर्यंतचे युनिटार्ड (पायांसकट अंग झाकणारा एकच घट्ट कपडा) घालून उतरल्या, का तर आम्हाला ज्यात बरं वाटतं ते आम्ही ठरवणार. या सगळ्या घटना एकापुढे एक मांडल्या की मला तरी एकच दिसतं, कपडा कमी का जास्त हा मुद्दाच नसतो, ठरवणार कोण यावरच सगळं अडतं.

पुरुषांचं काय? त्यांना कोणी बोलत नाही का?

बोलतात, फक्त वेगळ्या सुरात. बाईला "शोभत नाही" म्हणतात आणि पुरुषाला हसतात. इंग्लंडमध्ये सायकलिंगचे टाइट कपडे घालणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांसाठी 2010 च्या सुमारास 'मॅमिल' असा शब्दच निघाला, 'मिडल-एज्ड मॅन इन लायक्रा' याचं आखूड रूप. माझा नवरा पहिली दोन वर्षं सायकलिंग शॉर्ट्सवर सैल हाफपँट घालायचा, मग ती सीटच्या टोकात अडकून एकदा पडला तेव्हा सोडली. जिममध्ये, ट्रॅकवर टाइट्सवर शॉर्ट्स घालणारे बरेच पुरुष दिसतात, त्यात काहीच चूक नाही, पळताना ती शॉर्ट्स आड येत नाही.

एक उदाहरण मला फार आवडतं. फ्रान्समधल्या बहुतेक सार्वजनिक स्विमिंग पूलमध्ये पुरुषांना सैल शॉर्ट्स घालून पाण्यात उतरता येत नाही, अंगाला चिकटून बसणारा पोहण्याचाच कपडा लागतो. कारण स्वच्छतेचं, सैल शॉर्ट्स माणूस बाहेर दिवसभर घालून तशीच पाण्यात आणू शकतो. म्हणजे तिथे जो टाइट घालेल तो नियम पाळणारा आणि जो सैल घालेल त्याला बाहेर काढणार.

लेगिंग्ज म्हणजे पँट का?

जाड, आरपार न दिसणाऱ्या, व्यायामासाठी बनवलेल्या असतील तर हो. मोज्यासारख्या पातळ असतील तर नाही, त्यावर काहीतरी लांब हवं. सगळा वाद या दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव पडल्यामुळे आहे.

आरपार दिसत नाही ना हे घरी कसं तपासायचं?

हे नक्की तपासाच, कारण महागाचं असेल तर चांगलंच असेल असं नाही. 2013 मध्ये लुलुलेमन या मोठ्या कंपनीला काळ्या योगा पँट परत घ्यायला लागल्या होत्या कारण त्या फारच पारदर्शक निघाल्या, दुकानातल्या बायकांच्या पँटपैकी सुमारे 17 टक्के माल त्यात गेला. त्याच वर्षी पुढे कंपनीचे संस्थापक चिप विल्सन एका मुलाखतीत म्हणाले की काही बायकांची शरीरंच या पँटसाठी योग्य नाहीत, आणि त्यावरून एवढा गदारोळ झाला की त्यांना चेअरमनपद सोडायला लागलं.

तर पद्धत अशी. खोलीत भरपूर उजेड करा, अंधाऱ्या ट्रायल रूमवर विश्वास ठेवू नका. उभं राहून बघून काही कळत नाही, कापड ताणलं जातं वाकल्यावर, म्हणून गुडघे पूर्ण वाकवून खाली बसा आणि मागून कोणालातरी बघायला सांगा, कोणी नसेल तर मोबाइल टेकवून व्हिडिओ काढा, बघा आणि डिलीट करा. आतल्या कपड्याचा रंग किंवा डिझाइन दिसलं तर ती पँट घरात घालायची. फिक्या राखाडी रंगावर घामाचा डाग लगेच उठतो, काळा आणि गडद निळा सगळ्यात निर्धास्त. आणि जुन्या जोडीला दर काही महिन्यांनी हीच परीक्षा परत द्यायला लावा, कारण इलॅस्टेन उष्णतेने मरतं, कडक उन्हात किंवा ड्रायरमध्ये वाळवलं, गरम पाण्यात धुतलं की ते ताण सोडतं आणि मांडीपाशी, बसायच्या जागी कापड विरळ होतं. थंड पाणी, सावली, आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको.

माझं वजन जास्त आहे. मी घातलं तर लोक हसतील का?

हा प्रश्न मला जितक्या बायकांनी विचारलाय ना, त्यातल्या प्रत्येकीने विचारताना टीशर्ट खाली ओढला होता. ते बघून मला दरवेळी गलबलून येतं.

ऐका. मांड्या एकमेकींना लागत असतील तर घासण्याचा त्रास तुम्हाला बारीक माणसापेक्षा जास्त होतो, म्हणजे या कपड्याची गरज तुम्हालाच जास्त आहे. कोणी हसेलही, मी खोटं सांगणार नाही, पण व्यायाम करायला बाहेर पडलेल्या माणसाला हसणारा माणूस त्या वेळी स्वतः काय करत असतो ते बघा. सुरुवातीला मांडीपर्यंत येणारा टॉप घाला, लाजायचं कारण आहे म्हणून नाही तर तुमचं लक्ष कपड्यावर न राहता श्वासावर राहावं म्हणून. कंबर उंच असलेली जोडी घ्या, ती घरंगळत नाही आणि सारखी वर ओढायला लागत नाही. साइज बरोबर घ्या, एक साइज लहान घेऊन स्वतःला आवळू नका, पोटावर वळ उठला की ती जोडी तुमची नाही.

ऑफिसात, विमानात, शाळेत चालतं का?

लिहिलेला नियम असेल तो वाचा, नसेल तर विचारा, गप्प राहून अंदाज बांधू नका. 2017 च्या मार्चमध्ये डेन्व्हरहून मिनिआपोलिसला जाणाऱ्या युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात दोन मुलींना लेगिंग्ज घातल्यात म्हणून चढू दिलं नाही आणि जगभर आरडाओरडा झाला. नंतर कळलं की त्या कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना मिळणाऱ्या पासवर प्रवास करत होत्या आणि त्या पासला ड्रेसकोड होता, तिकीट काढणाऱ्या प्रवाशांना नव्हता. कंपनीला तसं जाहीर सांगायला लागलं. नियम होता हे खरं, पण तो ऐनवेळी दारात कळला, आणि दारात सगळ्यांसमोर कपड्यांवरून थांबवलं गेलं की माणूस ते विसरत नाही. नियम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुलांचं लक्ष विचलित होतं म्हणून मुलींनी घालू नये असं म्हणतात, त्यावर काय म्हणाल?

2019 मध्ये अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात चार मुलग्यांच्या आईने पत्र लिहिलं होतं, की मुलींनो, लेगिंग्ज घालताना मुलांच्या आयांचा विचार करा. उत्तर म्हणून विद्यार्थ्यांनी ठरवून लेगिंग्ज घातल्या, त्यात मुलगेही होते. मला त्या आईची काळजी समजते, मलाही मुलगा आहे. पण मी माझ्या मुलाला जे सांगितलं ते असं: नजर जाते, ती जाणारच, ती परत आणणं हे तुझं काम आहे, समोरच्या मुलीचं नाही. तो तेव्हा बारा वर्षांचा होता, त्याला ते एका वाक्यात कळलं. मोठ्या माणसांना कळायला एवढा वेळ का लागतो मला माहीत नाही.

कोणी टक लावून बघत असेल, कमेंट केली, फोटो काढला तर?

बघणं आणि टक लावणं यातला फरक दोघांनाही कळतो, बघणाऱ्यालाही. गर्दीच्या दिशेने चालायला लागा, दुकानात किंवा जिथे स्टाफ आहे तिथे शिरा, मोठ्याने बोला म्हणजे आजूबाजूच्यांना कळेल. कोणी लपून फोटो काढत असेल तर ती पोलिसात सांगायची गोष्ट आहे, दिवस, वेळ, जागा लगेच लिहून ठेवा. आणि तिथे कोणी तुम्हाला "कपडे बघा आधी" म्हणालं तर त्या वाक्याला उत्तर द्यायला थांबू नका, तक्रार पूर्ण करा.

घरचेच बोलतात. आई म्हणते, सासूबाई म्हणतात. काय करू?

भांडू नका आणि गुपचूप बॅगेत लपवूनही नेऊ नका, लपवलं की ते चुकीचं आहे हे तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं. घासल्याची जखम दाखवा. खरंच दाखवा. माझ्या एका मैत्रिणीने सासूबाईंना मांडीवरची सोललेली जागा दाखवली आणि म्हणाली, "आई, यासाठी घालते." त्यांनी आधी मलम आणून दिलं आणि मग विचारलं, "ते काळं कापड मऊ आहे का गं?" सगळीकडे असं होईल असं नाही. काही घरांत वर्षानुवर्षं टोमणे चालू राहतात, तिथे बाहेर पडताना सैल पँट वरून घालून मैदानावर काढणं हाही मार्ग आहे, त्यात हार वगैरे काही नाही.

मग कुठेच घालू नये अशी जागा आहे का?

प्रार्थनेची जागा, अंत्यविधी, कोर्ट. या जागांवर आपल्या सोयीपेक्षा तिथे जमलेल्यांचं मन मोठं, इथे मी काहीही वाद घालत नाही. बॅगेत एक पातळ सैल पँट आणि लांब शर्ट घडी करून ठेवा, मुठीएवढी जागा लागते.

दुसरं एक कारण आहे ज्याचा लोकांशी संबंध नाही. घामाने भिजलेल्या टाइट कपड्यात तीन-चार तास बाजारहाट करत फिरू नका. ओल आणि उष्णता धरून राहिली की जांघेत फंगल इन्फेक्शन होतं, केसांच्या मुळाशी पुळ्या येतात, आणि मग महिनाभर मलम. कोणी काही म्हणो न म्हणो, व्यायाम झाला की बदला.

व्यायाम न करताच रोज घालणाऱ्यांचं काय? तो दिखावाच ना?

आरामात वाटतं म्हणून घालतात. अशा कपड्यांसाठी 'अ‍ॅथलेजर' हा शब्द 2016 मध्ये मेरियम-वेबस्टर डिक्शनरीत आला, म्हणजे तोपर्यंत तो लोकांच्या तोंडी रुळलेला होता, आणि 2020 च्या लॉकडाउनमध्ये घरून काम करताना कितीतरी लोकांनी कमरेला न टोचणारी पँट पहिल्यांदा रोज घातली. जीन्स बघा ना, मजुरांची पँट म्हणून सुरू झाली, 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या कितीतरी शाळांत त्यावर बंदी होती, आज आजोबाही घालतात.

साठीनंतर घातलं तर चालेल का?

आमच्या ग्रुपमध्ये अडुसष्ट वर्षांच्या एक काकू आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चालायला यायला लागल्या, सैल पँटचा घोळ पायात येऊन दोनदा अडखळल्या तेव्हा त्यांच्या मुलीनेच काळ्या टाइट्स आणून दिल्या. पहिल्या दिवशी वर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता होता आणि त्या सगळ्यांच्या मागे मागे चालत होत्या. पुढच्या महिन्यात कुर्ता गेला, टीशर्ट आला. परवा मला म्हणाल्या, "अगं, याला खिसा असलेली मिळते का? किल्ली हातात धरून चालायचा कंटाळा आला."

मिळते. मांडीच्या बाजूला खिसा असतो, मोबाइलही मावतो.